अकराव्या धड्याची कार्डं

ओडालिस पेराल्टाला त्या मे महिन्यात काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवते. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत ती पहिली आली, तर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत उन्हाळाभर काम. आमच्या कॉलेजातून दरवर्षी एकच मुलगी घेतात. ते काम नीट केलं की मेडिकलची जागा दोन वर्षं आधीच पक्की. ब्राँक्समध्ये परक्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारी तिची आई मग कुणी न विचारताच जिन्यात सांगत सुटणार, ते वेगळं. वर्षभर ओडालिस पहिलीच होती. तिच्या मागे दीड गुणावर ग्रिअर हॅलोवेल.

ग्रिअर व्हरमाँटची, वडील प्राध्यापक. जागा तिलाही हवी होती, पण नाही मिळाली तर तिच्यापुढे आणखी चार रस्ते होते. ओडालिसपुढे हा एकच. आणि दोघी राहायच्या एका खोलीत. तिसरी मी, बर्नाडेट, इतिहासवाली आणि प्रतिज्ञा मंडळाची चिटणीस. त्या जागेशी माझं काही देणंघेणं नव्हतं, म्हणून दोघींचंही माझ्याशी बरं जमायचं.

आमच्याकडे परीक्षेला पहारा नसतो. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलगी एका जाडजूड पुस्तकात प्रामाणिकपणाच्या प्रतिज्ञेखाली सही करते, आणि मग कॉलेज तिच्या शब्दावर चालतं. परीक्षेच्या आठवड्यात आपल्या सोयीने कचेरीच्या खिडकीवर जायचं, सीलबंद पाकीट घ्यायचं, रिकामा वर्ग गाठायचा आणि पेपर लिहायचा. अट एवढीच की शेवटच्या मुलीचा पेपर होईपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सोपा होता, लांबला, हेसुद्धा नाही. कुणी तोंड पाडून जेवायला आली तर आम्ही म्हणतो, "बाई, चेहरा आवर." कुणाचं पाऊल घसरलंच, तर ज्या मुलीला ते कळलं तिने तिला चोवीस तास द्यायचे. स्वतः जाऊन सांग, नाहीतर मी सांगते. कळूनही गप्प बसणारी तितकीच दोषी. निवाडा करणारं प्रतिज्ञा मंडळ आम्हा मुलींचंच, डीनबाई फक्त निकालावर सही करतात.

ओडालिसने पेपर सोमवारी दिला. ग्रिअर गुरुवारी सकाळी देणार होती.

बुधवारी दुपारी आम्ही तिघी मेसमध्ये खिडकीपाशी बसलो होतो. ग्रिअरची कार्डं टेबलभर पसरली होती, एक तर माझ्या सूपच्या वाडग्याखाली. ती प्रत्येक धड्याची कार्डं करायची आणि ती लावून द्यायचं काम दोन वर्षं ओडालिसचं. ग्रिअरला पसारा दिसत नाही, ओडालिसला तो बघवत नाही.

"अकरावा धडा अजून तसाच पडलाय," ग्रिअर म्हणाली. "वर्णपटाच्या रेघा बघून बघून आता तुमची तोंडंही रेघांची दिसायला लागलीत मला."

"माझं पहिल्यापासून तसंच आहे," मी म्हटलं.

"तू गप्प गं वकीलबाई."

ओडालिस हसली. हसता हसता तिने कार्डं गोळा केली. अकराव्या धड्याची रबरबँड लावून ग्रिअरच्या पिशवीच्या तळाशी घातली. नवव्या-दहाव्याची नीट लावून वर ठेवली.

"जा, झोप जरा. तीन दिवस डोळा लागला नाहीये तुझा. ही उठल्यावर बघ. आईने सारणाचे पस्तेलितो तळून पाठवलेत, ते पण खा."

"माझी आई झालीस तू अगदी."

"तुझी आई असते तर केव्हाच कान उपटले असते."

ग्रिअर जांभई देत गेली. ओडालिसचा हात टेबलावर तसाच राहिला, पिशवी होती त्या जागी. मग तिने माझ्याकडे पाहिलं. कोणती कार्डं खाली गेली आणि कोणती वर, ते मला कळलं होतं. मला कळलं, हे तिला कळलं. मी फक्त घड्याळ पाहिलं. सवयच तशी. एक वाजून दहा मिनिटं.

गुरुवारी एक वाजता ग्रिअर पेपर देऊन खोलीत आली. पिशवी खाली ठेवली, पण बसली नाही.

"ओडी," ती म्हणाली, "अकरावा धडा आलाच नाही."

ओडालिस पलंगावर बसून मोजे घड्या करत होती. "बोलू नकोस त्याबद्दल. अजून दोघीजणी राहिल्यात."

"तुला सोमवारीच माहीत होतं."

"हो."

"मी काल चार तास झोपले. उठून फक्त नववा आणि दहावा वाचला. तू वर ठेवलेली कार्डं. मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम करायचं असतं तर तुला अकरावाच वाचायला लावला नसता का?" ओडालिस म्हणाली. "हात गेला. रोज जातो तसा."

ग्रिअर खिडकीशी जाऊन नदीकडे बघत उभी राहिली. मी तिचाही हिशेब मांडून पाहिला. बोलली, तर जागा तिला, आणि जन्मभर लोक म्हणणार की मैत्रिणीची जागा ढापली. गप्प राहिली, तर जागा ओडालिसला, आणि ती स्वतः दोषी. तिसरा रकाना मला सापडत नव्हता. तिलाही नाही.

"उद्या एक वाजेपर्यंत," शेवटी ती खिडकीच्या काचेला सांगितल्यासारखं म्हणाली. "मला हे बोलायचं नाहीये, ओडी. तू असं का केलंस गं."

"तुला झोप हवी होती म्हणून," ओडालिस म्हणाली आणि पुढचा मोजा घेतला.

घड्याळात एक वाजून बारा मिनिटं झाली होती. दुसऱ्यांचे तास मोजण्यात कालपासूनचे माझे स्वतःचे चोवीस, जे मी ओडालिसला बजावलेच नव्हते, दोन मिनिटांपूर्वी संपले होते.

ओडालिसने शुक्रवारी अकरा वाजता कबुलीची चिठ्ठी दिली, अगदी माझ्याच हातात. मंडळाचं टपाल चिटणीसच घेते. "वाच आणि पुढे पाठव," एवढंच म्हणाली. चिठ्ठीत टेबल होतं, कार्डं होती, ग्रिअर होती. मी नव्हते.

शनिवारी सकाळी मंडळ बसलं. लांब टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष इमोजेन अक्टरबर्ग, दुसऱ्या टोकाला इतिवृत्त लिहायला मी. स्वतःहून आलेल्या मुलीसाठी नियम मवाळ आहेत, आणि इमोजेनही मवाळच विचारत होती. शेवटी तिने पानावरून बोट फिरवलं.

"टेबलावर आणखी कुणी होतं?"

"ग्रिअर आणि मी," ओडालिस म्हणाली. "दोघीच."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं, शाईचा ठिपका वाढत होता.

मी भराभर आकडेमोड केली. मी बोलले, तर माझं चिटणीसपद जाणार. ते जाऊ दे. पण ओडालिस मंडळापुढे खोटं बोलली हे उघडं पडणार, आणि त्याची शिक्षा मवाळ नाही, वर्षासाठी कॉलेजबाहेर. न बोलले, तर तिचा फक्त पेपर रद्द. म्हणजे गप्प बसण्यात तिचं भलं होतं. माझंही होतं. दोघींचं उत्तर इतकं सारखं आलं, म्हणूनच माझा आजतागायत त्यावर विश्वास बसलेला नाही.

"लिहिलंस?" इमोजेनने विचारलं.

"लिहिलं," मी म्हटलं. दोघीच.

निकाल तासाभरात लागला. ओडालिसचा पेपर रद्द, सप्टेंबरात पुन्हा. हॉस्पिटलची जागा सप्टेंबरपर्यंत थांबत नाही. ग्रिअरला सोमवारी दुसरा पेपर दिला गेला. त्यात अकरावा धडा होता, आणि तिने तो रविवारभर बसून वाचला होता. कार्डं तिची तिनेच लावली. जागा तिला मिळाली.

सामान बांधायच्या दिवशी मी ओडालिसला जिन्यात गाठलं. "तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"माझी जागा गेलीच होती," ती म्हणाली. "तुझं घालवून मला काय मिळणार होतं? ते टोक धर, खोकं जड आहे."

मी धरलं. खाली टॅक्सीपाशी तिची आई उभी होती. तिने मला दोन्ही गालांवर मुके दिले आणि पस्तेलितोंचा डबा हातात कोंबला. मुलीला तुम्ही सांभाळलंत म्हणून.

आता शेवटची बेरीज. ग्रिअरने जागा मिळवली आणि ओडालिसला गमावलं. पुढच्या वर्षी तिने दुसऱ्या मजल्यावर एकटीची खोली घेतली. मला मंडळाने अध्यक्ष केलं. नव्या मुली पुस्तकात सही करतात तेव्हा शेजारी मी उभी असते. माझ्या नावावर भरणा शून्य. चूक एकीची होती, कळूनही लपवणं दुसरीचं होतं. दोन्ही ओडालिसने भरलं.