ताईचं कार्ड

कवळ्या बनवायची म्हणून गल्लीत सगळे तिला दातवालीच म्हणत. दवाखान्यांतून आलेल्या साच्यांवर मेण चढवायचं, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे, यात तिचा दिवस जाई. घरी ती आणि आई, दोघीच. थोरली बहीण एका दुपारी चप्पल शिवून आणते म्हणून गेली ती गेलीच. त्याला कितीतरी वर्षं झाली. पोलीस, इस्पितळं, ओळखीपाळखी, सगळं पालथं घालून झालं होतं.

दातवालीच्या क्रेडिट कार्डाला जोडून ताईच्या नावाचं एक कार्ड होतं. ते तिने कधी बंद केलं नाही. बंद करायचं तर कारण सांगावं लागतं, आणि ते तिच्या तोंडून निघत नसे.

मग तिच्या बँकेने कार्डांचा व्यवहारच आवरता घेतला. सगळी खाती दुसऱ्या बँकेकडे जातील, नवी कार्डं घरपोच येतील, तुम्ही काही करायची गरज नाही, असं कळवलं. नवं पाकीट आलं, त्यात दोन कार्डं. ताईचं तिने कागदाला चिकटलेलं तसंच कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचं चालू करून घ्यायला कामावरून फोन केला, तेव्हा पलीकडची मुलगी म्हणाली की दुसरं कार्ड सकाळीच चालू झालंय, तुमच्या घरच्या फोनवरून.

"कुणी केला फोन?"

"ज्यांचं कार्ड आहे त्यांनीच, मॅडम. जन्मतारीख, आईचं नाव, सगळं बरोबर सांगितलं."

घरी आईला विचारलं, तर सकाळपासून फोनला कुणी हात लावला नव्हता. एवढी खाती इकडून तिकडे हलवताना बँकेनेच काहीतरी घोळ घातला असेल, अशी दातवालीने मनाची समजूत घातली.

त्यानंतरच्या आठवड्यात भरदुपारी तिच्या मोबाइलवर मेसेज आला. ताईचं कार्ड कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात वापरलं होतं. हातातलं काम टाकून ती घरी आली. आई खोलीत झोपली होती. कपाट उघडलं, तर कार्ड कागदाला चिकटलेलं होतं तसंच होतं. ते पदराआड धरून ती दुकानात गेली आणि मघाशी कार्ड कुणी वापरलं, असं विचारलं.

दुकानदार गल्लीत नवा होता. ताईला त्याने कधी पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. "तुमची धाकटी बहीण ना?" तो म्हणाला. "चेहरा अगदी तुमचाच. आईचा कान ठणकतोय म्हणून थेंब घेऊन गेल्या. कार्ड मशिनला टेकवलं आणि निघाल्यासुद्धा."

ताई तिच्याहून मोठी होती. गेली तेव्हा मात्र दातवालीच्या आजच्या वयापेक्षा बरीच लहान होती.

ती परत आली तेव्हा आई कुशीवर वळलेली होती. कानात कापसाचा बोळा.

"कान कधीपासून दुखतोय?"

"सकाळपासून. तू कामाच्या गडबडीत, तुला कुठे सांगत बसू?"

"आणि थेंब कुणी घातले?"

"ताईने," आई सहज म्हणाली. "हात गार होता तिचा, पण हलका. आता बरं वाटतंय."

दातवाली पलंगाच्या कडेवर बसली. बऱ्याच वेळाने तिने बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि कार्ड लगेच बंद करू का, असं विचारलं. बंद केलं की पुढे त्यावर कसलाच व्यवहार होणार नाही, हेही सांगितलं.

आईचा श्वास संथ चालला होता.

"नको," दातवाली म्हणाली. "राहू दे चालू."

तेव्हापासून अधूनमधून मेसेज येतो. कधी लोकर, कधी आईच्या गुडघ्यांचं मलम. ती बिल भरते आणि कुणाजवळ काही बोलत नाही. एकदाच तिला राहवलं नव्हतं. मेसेज वाजताच ती लोकरीच्या दुकानाकडे धावत सुटली. पोहोचली तेव्हा काचेचं दार अजून हलत होतं, आणि रस्त्यावर कुणीच नव्हतं. धापा टाकत तिने ते दार हाताने थांबवलं. त्यानंतर ती कधी धावली नाही. मेसेज आला की मुद्दाम हातातलं काम संपवते, आणि मग सावकाश घरी जाते.