गोंड्याची पहिली हजामत

अख्ख्या गल्लीच्या डोक्यांना वळण लावणारा माणूस घरच्या पिल्लाला मात्र फणी लागू देईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं वहिनी म्हणायच्या. आणि वर पुन्हा तो दिवाच आपल्याला उजेडाचं शिकवतो.

वहिनी त्या सगळ्या गल्लीच्याच. कारण त्यांचा नवरा सगळ्या गल्लीचा उस्ताद. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं सलून: दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, पावडरीचा वास. मध्ये एक जाड पडदा. पडद्यामागे दोन खोल्या, वहिनींचं शिलाई मशीन आणि वहिनी. मुलगा नोकरीपायी लांब गेला तेव्हापासून मागच्या बाजूला मशीनचा खडखडाट सोडला तर आवाज नव्हता. पुढे उस्ताद दिवसभर बोलायचा. पाऊसपाणी, घरभाडं, कुणाचा जावई, कुणाचं ऑपरेशन. संध्याकाळी पडदा सारून आत यायचा तो सगळे शब्द खर्च करून. वहिनींच्या वाट्याला सुट्टे उरायचे. हं. बरं. वाढ.

अशा घरात वहिनींचा धाकटा भाऊ, वायरमन, एक खोका घेऊन आला. खोक्यावर पंख्याचं चित्र, आत स्पॅनियलचं पिल्लू. मधाच्या रंगाचं, बोटभर शेपटीचं, आणि कान एवढे लांब की पाणी प्यायला वाकलं तर आधी कान प्यायचे. कान कसले, पाळण्याला लावलेले गोंडेच. म्हणून त्याचं नाव गोंड्या.

"ताई, मित्राच्या कुत्रीला झालीत. तुला सोबत होईल," धाकटा म्हणाला.

सोबत झाली. वहिनी शिवायला बसल्या की गोंड्या पायाशी बसून ऐकायचा. कापड महाग झालंय, गिऱ्हाईक बाह्या दोनदा बदलायला लावतं, मुलाचा फोन उशिरा येतो, सगळं ऐकायचा. डोळे वर करून, मध्येच एक उसासा टाकून. त्या घरात वहिनींचं वाक्य पूर्ण ऐकणारं ते एकच माणूस होतं, आणि ते माणूस नव्हतं.

उस्तादनं पहिल्याच दिवशी अट घातली. "दिवसभर लोकांचे केस झाडतो मी. आत आलो की माझ्या ताटात केस नको. ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी तुझ्या भावाला बोलवायचं आणि हे पार्सल परत."

तेव्हा वहिनींना घाई होती ती गोंड्याला विंचरायची. लस टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलेलं. आजपासूनच सुरू करा. रोज थोडंसं. पंजे हातात घ्या, कान उलटून बघा, फणी नुसती पाठीवरून फिरवा. सवय लहानपणीच लागते.

वहिनींनी हे नवऱ्याला सांगितलं आणि तिथंच चुकल्या.

"डॉक्टरला सुईतलं कळतं," उस्ताद म्हणाला. "केसांचं मला विचार. ही पिल्लाची लव आहे, आपोआप झडते. तिला फणी लावून काय मिळणार? खरे केस येऊ देत. मग एकदाच खुर्चीवर बसवतो आणि नीट काढून देतो."

दुसऱ्या कुठल्याही घरात बाईनं डॉक्टरचं ऐकलं असतं. पण ज्या घरात चाळीस वर्षं केसांवरच चूल पेटली, तिथे केसांबद्दल नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? वहिनींनी फणी ठेवून दिली.

लव झडली. खरे केस आले आणि पावसाळी गवतासारखे आले. कानांवर झालरी, पायांना झालरी, पोटाखाली झालरी. कानांमागे गुंता झाला. आधी वाटाण्याएवढा, मग अक्रोडाएवढा, मग दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट. तिथे बोट लावलं की गोंड्या दात दाखवायचा. दात दुधाचेच, पण लागायचे.

"झालेत का आता खरे केस?" वहिनी विचारायच्या.

"येऊ देत अजून थोडे."

"अजून थोडे आले तर आत पिल्लू आहे की नाही तेही कळायचं नाही."

शेवटी एका दुपारी, दुकान रिकामं असताना, उस्तादनं गोंड्याला उचललं आणि थेट मोठ्या खुर्चीवर बसवलं. गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, मागून चिमटा लावला. एका हातानं मान धरली, दुसऱ्या हातानं केस कापायचं मशीन सुरू केलं. घर्रर्र.

पुढचं वहिनींनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. गोंड्या उडाला तो आरशावर आदळला, तिथून पावडरीच्या डब्यावर, तिथून खाली. गळ्यातलं कापड मागे राजाच्या झग्यासारखं उडत होतं. नेमके त्याच वेळी हेडसर दाढीला आले. गोंड्या त्यांच्या पायांत शिरला आणि भीतीनं त्यांच्या बुटावरच मोकळा झाला.

हेडसरांनी बुटाकडे पाहिलं, मग उस्तादकडे. "उस्ताद, आफ्टरशेव्ह दाढीआधीच लावता होय हल्ली?"

उस्ताद हसला नाही. संध्याकाळी आत येऊन म्हणाला, "रविवारी तुझ्या भावाला बोलव."

"ताटात केस कुठे सापडला?"

"दुकानात अब्रू सापडेना, केसाचं काय घेऊन बसलीस?"

वहिनींनी भावाला फोन केला. रडल्या नाहीत. रडायला राग आधी उतरावा लागतो, आणि तो उतरत नव्हता. मनात हिशेब एकच: रविवारनंतर या दोन खोल्यांत पुन्हा नुसता खडखडाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फणी घेऊन जमिनीवर बसल्या. रविवार तर रविवार, परक्या घरी जाताना लेकरू गुंत्यात जायला नको. गोंड्याला मांडीवर घेतलं आणि मनानंच रचलेलं काहीतरी गुणगुणत हात फिरवू लागल्या.

कान लांब लांब, जशा वेलीच्या शेंगा,
मुकाट्यानं बस, नको घालू रे दंगा.
कानामागे गाठ, सुटता सुटेना,
ज्यानं बांधली बाई, त्याला ती दिसेना.

पडद्यातून डोकं आत आलं. "फणी अशी धरतात? मुळापासून ओढतेयस. कातडी धर आधी, बोटांत धर, मग टोकाकडून सोडव."

वहिनींनी फणी खाली ठेवली. "तुम्ही मला शिकवू नका."

"अगं, मी एवढी वर्षं..."

"एवढी वर्षं या गल्लीतलं प्रत्येक पोर पहिल्यांदा तुमच्याच खुर्चीवर बसलं. आठवतंय का, काय करता त्यांचं? पहिल्या दिवशी एक केस तरी कापता? खुर्चीच्या हातांवर फळी टाकता, तिच्यावर बसवता, हातात कंगवा देता खेळायला. आणि कानापासून हातभर लांब रिकामी कात्री चालवता, हवेत. कट कट कट. पोराला वाटतं झाले केस. दुसऱ्या वेळी थोडी जवळ. तिसऱ्या वेळी पोर स्वतःच मान पुढे करतं. कुणाच्याही पोराला तुम्ही हे दिलंत. ज्यांनी नंतर दुसरं दुकान धरलं त्यांच्याही. आणि माझ्या या एवढ्याशा जिवाच्या कानाशी थेट मशीन? का, तर कुत्र्याचं पोर म्हणून?"

उस्तादनं डोकं मागे घेतलं. पडदा पडला. पुढे वस्तरा चामड्यावर घासल्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला.

दुपारी तो आत आला. हातात कात्री. वहिनींकडे न बघता, गोंड्याकडे तर मुळीच न बघता, खोलीच्या पार टोकाला भिंतीला टेकून खाली बसला. गुडघे कटकन वाजले. मग कात्री हवेत चालवू लागला. कट कट कट.

गोंड्या शिलाई मशीनखाली शिरला. थोड्या वेळानं एक नाक बाहेर आलं, मग एक कान.

"काय मग," उस्ताद भिंतीला उद्देशून म्हणाला, "हल्ली दिसत नाही तुम्ही. कामं फार का?"

गोंड्यानं मान तिरकी केली.

"भाडं वाढवलं म्हणे तुमच्या मालकानं. सगळीकडे तेच आहे."

दुसऱ्या दिवशी तो हातभर पुढे सरकला. त्याच्या पुढच्या दिवशी फणी गोंड्यापुढे टाकली, तर त्यानं तिचे दात मोडून ठेवले. "चांगली फणी होती," उस्ताद कुरकुरला आणि दुसरी आणली. पंजा हातात घेतला, सोडला. कान उचलला, सोडला. दर वेळी उकडलेल्या बटाट्याचा तुकडा. आणि तोंड सतत चालू: पाणी कधी येतं, कुणाच्या जावयानं गाडी घेतली, हेडसरांचे बूट कसे आधीपासूनच जुने होते.

वहिनी टीप मारता मारता थांबल्या. "माझ्याशी बोलताना घसा बसतो, आणि इथे भाषण?"

"गिऱ्हाईकाशी बोलावं लागतं," उस्ताद म्हणाला. "हात कापतात, तोंड धीर देतं. आता तूही ये इकडे. डोकं धर. दाबू नकोस, नुसतं तळहातावर घे. असं नाही गं, असं."

"मग स्वतःच धरा."

"मला दोनच हात आहेत."

अशी सगळी चडफड करत दोघं त्या एवढ्याशा जिवावर वाकून बसायची. एक गाठ सोडवायला दुपार जायची. केसांचं मूळ बोटांत धरायचं, टोकाकडून एकेक पदर मोकळा करायचा. अगदीच सुटेना तिथे कातडी आणि कात्रीच्या मध्ये फणी धरून थोडंसं कापायचं. वहिनींची शिलाई मागे पडली, पुढे गिऱ्हाईकं ताटकळली. तरी रविवार आलाच.

धाकटा तोच पंख्याचा खोका घेऊन आला. पडदा सारून बघतो तर ताई आणि दाजी जमिनीवर, मध्ये टॉवेल, टॉवेलवर गोंड्या. डावा कान सुटा, हलका, रेशमासारखा. उजवा कान जसाच्या तसा, नमद्याचा.

"दाजी, घेऊन जाऊ ना मग?"

"कुठे?" उस्ताद मान वर न करता म्हणाला.

"तुम्हीच बोलावलंत. परत न्यायला."

"असं? अर्धं गिऱ्हाईक कधी दुकानाबाहेर पाठवलंय मी? एक कान असा, एक तसा. उद्या कुणी विचारलं, कुणी कापलं हे, तर सांगशील माझं नाव?"

"बरं, मग दुसरा कान उरका. मी थांबतो."

"आज एवढंच. दमलाय तो. जबरदस्ती केली की पुढच्या वेळी बसत नाहीत. पोरांचं असंच असतं."

"मग पुढच्या रविवारी येऊ?"

उस्तादनं कात्री टॉवेलला पुसली, डावा कान बोटावर घेऊन उजेडात बघितला. "पुढच्या रविवारी उजवा होईल. पण तोवर हा वाढेल."

धाकट्यानं ताईकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडका होता, आणि तो चिडकाच ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडत होते. "या माणसाला सरळ 'राहू दे' म्हणायला तोंड नाही. बस तू. उभा राहून उजेड अडवतोयस."

"अगं, इकडे लक्ष दे," उस्ताद म्हणाला. "डोकं धर."

"धरलंय."