धर्मपित्याची लाकडं

धुराड्याच्या दोन नळ्या जिथे एकमेकींत बसवल्या होत्या, त्या सांध्याला एक काळा थेंब धरत होता. डांबरासारखा दाट, कडेला किंचित पिवळट. तो एकदम पडत नसे. आधी लांबे, मग त्याची मान बारीक होई आणि मग शेगडीच्या तापल्या पत्र्यावर पडून चर्र करी. आज मात्र तो किटलीच्या तोटीवर पडला आणि ओघळत आत गेला.

नोल्फाने किटली उचलून सिंकमध्ये पालथी केली. धुरात टांगलेलं मांस नासावं तसा त्या डांबराचा वास. पडद्यांना तोच, उशीच्या अभ्र्याला तोच. केस धुऊन आली तरी टॉवेलमधून तो पुन्हा अंगाला लागायचा.

"अगं, चांगलं उकळलेलं पाणी ओतलंस?" माते नावाच्या कडवट पानांच्या चहाचा पेला हातात धरून बसलेला तिचा नवरा बेलार्मिनो म्हणाला.

"डांबर पडलं त्यात."

"त्यानं काय होतंय? माझी आई म्हातारी होईस्तोवर जगली ह्याच धुरात."

"खोकत जगली."

बेलार्मिनोने पुढे वाकून शेगडीची हवेची पट्टी पार बंद केली. डोंगरांनी वेढलेल्या या कोयाइके गावात थंडीत घरोघरी पुरुष हेच करतात आणि एक ओंडका किती वेळ पुरवला याची बढाई मारतात. आतला जाळ गुदमरतो, लाकूड जळण्याऐवजी शिजतं आणि त्याचा धूर, वारा नसला की, दरीत तसाच तुंबून राहतो.

ह्याच धुरात त्यांची तान्ही नात माइते थंडीच्या सुरुवातीला रात्रभर घरघरत होती. सकाळी मुलगी, यास्ना, तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेली. "आई, ती शेगडी आहे तोवर माइते तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही."

जुनी शेगडी भंगारात दिली, तर सरकारी योजनेतून भुशाच्या गोळ्यांवर चालणारी नवी मिळत होती. योजनेतल्या बाईंचे फोन येत होते आणि नोल्फा दर वेळी "कळवते" म्हणत होती. आज शेवटचा दिवस होता. पण वीज गेली की ती नवी शेगडी बंद. ऐन थंडीत दुकानांतून गोळ्यांची पोती गायब होतात. गेल्या वर्षी शेजारीण घरात कोट घालून बसली होती. नव्या शेगडीवर किटली बसत नाही, तिच्यात पाव भाजत नाही. सगळं खरं होतं.

बेलार्मिनोही हीच कारणं सांगायचा. खरं कारण बाहेर हॉर्न वाजवत होतं.

रोसामेल लाकडं विकायचा आणि तो यास्नाचा धर्मपिता होता. बाप्तिस्म्याला आपल्या लेकीला ज्याने हातांवर घेतलं, त्याला लाकूड सुकं आहे का असं विचारायचं नसतं. म्हणून इतकी वर्षं लाकूड त्याचंच आणि विचारायचं काही नाही.

नोल्फा अंगणात गेली. ट्रकमधला एक ओंडका तिने उचलला. पिळायच्या राहिलेल्या गोधडीसारखा जड. साल हातातच सुटून आली. खाली पांढरी बुरशी आणि तिच्यात वळवळणाऱ्या लठ्ठ अळ्या. तळव्याला बुळबुळीत चिकटा लागला.

"रोसामेलभाऊ, हे तोडलं कधी?"

"आता झाडाचा वाढदिवस कुठे बघत बसू, वहिनी?" रोसामेल हसला. "शेगडीच्या पाठीशी ठेवा, खडखडीत होतंय."

"खडखडीतच आहे की," बेलार्मिनो घाईघाईने म्हणाला. त्याने कवेत लाकडं घेतली, भिंतीशी टाकली आणि पाठमोरा होऊन दोन्ही हात पँटला पुसले. मग पुन्हा पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

नोल्फाने ते पाहिलं. म्हणजे यालाही किळस येत होती. पहिल्यापासून येत होती.

"आमची माइते कुठंय?" रोसामेलने ट्रकवरून विचारलं. "ह्या थंडीत एकदाही दिसली नाही. आजोबांशी कट्टी?"

"थोडी सर्दी आहे रे तिला," बेलार्मिनो म्हणाला. "दुसरं काही नाही."

त्या अळ्यांची आली नव्हती इतकी किळस नोल्फाला त्या वाक्याची आली. तिने ओंडका जिथून घेतला होता तिथेच ठेवला.

"उतरवू नका, रोसामेलभाऊ," ती म्हणाली. "लाकडं ओली आहेत, दर वर्षी ओलीच असतात. आमची शेगडी आम्ही भंगारात देतोय. गोळ्यांची घेतोय."