मार्तिनाची चाल

“हे ऐकून बायको पटायची नाही गं ताई, फार तर सासू पटेल!” तीनचाकीवाला गोरियो मासळीबाजारात मेदिंगच्या ओट्याशी फोन नाचवत उभा होता. फोनवर मेदिंगची धाकटी बहीण गात होती. “हिच्या आधीच्या गाण्यांवर मी लग्न जमवलं. आणि आता काय, तर आईचं धुणं, आईचं स्वयंपाकघर!”

“मग नको ऐकूस,” मेदिंग म्हणाली. समोर पोट फाडलेला बांगूस मासा उताणा पडला होता आणि ती चिमट्यानं त्याचे काटे उपसत होती.

“ऐकतो ना. अल्बम आल्यापासून तेच तर ऐकतोय,” गोरियो पुटपुटला.

शेजारी कोळंबी तोलणारा पोन्सो मध्येच बोलला, “मला विचाराल तर पाप आहे हे. पारायणाची चाल ती. देवापुढे म्हणायची, ती हिनं फोनात घातली. उद्या लोक तिच्यावर दारू पितील.”

“तू तर पारायणाच्या मांडवामागेच पितोस, पोन्सोकाका,” गोरियो म्हणाला, आणि सगळा ओटा हसला. मेदिंगही हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. पारायणात गाणारी उपेंगमावशी या गाण्याबद्दल अजून काही बोलली नव्हती.

मनिलात लूमी म्हणून गाजलेल्या तिच्या बहिणीला इथं गावात, हागोनोयमध्ये, सगळे नादिंगच म्हणत. पावसाळ्यात त्यांची आई गेली, आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या तोंडावर नादिंगचा हा नवा अल्बम आला. त्यातल्या चौथ्या गाण्याला आईच्या पारायणाची चाल होती. येशूच्या यातनांची अख्खी पोथी दर वर्षी याच आठवड्यात घरी गाऊन घ्यायची, सुरुवात झाली की शेवटच्या पानापर्यंत आवाज तुटू द्यायचा नाही, असा मार्तिनाचा, म्हणजे त्यांच्या आईचा, नवस होता. आता तो मेदिंगकडे आला होता. मेदिंगला गाता येत नव्हतं, तिच्याकडे कायम चूल असायची. गाणाऱ्या चौघी म्हाताऱ्या, आणि त्यांत शब्द चालायचा उपेंगमावशीचा. अल्बम आल्यापासून मावशी मेदिंगच्या गल्लीत फिरकली नव्हती. ती आली नाही, तर बाकीच्याही येणार नव्हत्या. म्हणजे आईचा नवस पहिल्याच वर्षी मोडणार होता.

बुधवारी, पारायणाच्या दिवशी, सकाळीच नादिंग घरी आली. डोक्याला ओढणी, हातात एक पिशवी. मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, समोरासमोर बाकं मांडली होती. बाकं रिकामी होती.

“माझ्यामुळे ना?” नादिंगनं विचारलं.

“अजून वेळ आहे.”

“काय म्हणतात गं लोक?”

मेदिंगनं काही लपवलं नाही. “गोरियो म्हणतो, सासू पटेल. पोन्सोकाका म्हणतो, पाप आहे. रिचार्जच्या दुकानातली पोर रडते आणि परत तेच लावते.”

नादिंग हसली. “मनिलात म्हणतात, चौथ्या गाण्यात मी अडखळते. तिसऱ्या ओळीच्या मध्येच. एवढं रेकॉर्डिंग केलं आणि ती चूक राहिलीच कशी, असं लिहिलंय एकानं. पण ताई, चाल तशीच आहे ना?”

“तशीच आहे.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी माशांचे काटे काढते. मला गाण्यातलं काय कळतंय?” मेदिंग थांबली. “पण एक सांगते. बाजारात कोणी काही बोललं तरी मी मान खाली घातली, ती फक्त काट्यांसाठी.”

भरतीचं पाणी गल्लीत चढू लागलं होतं. त्यातून चपला हातात धरून उपेंगमावशी आली. मागे बाकीच्या तिघी होत्या, पण त्या फाटकाशीच थांबल्या. मावशीनं पाय पुसले आणि नादिंगकडे पाहिलं.

“ऐकलं तुझं गाणं. नातीनं कानात कोंबलं माझ्या. मला नाही आवडलं. चाल देवाची, शब्द तुझे. मी ते म्हणणार नाही.”

“बरं, मावशी,” नादिंग हळूच म्हणाली.

“बरं काय? पुढचं ऐक. तिसऱ्या ओळीत तू थांबतेस ना, तिथं थांबा नाहीच मुळी. पोथीत नाही, दुसऱ्या कुठल्या गावात नाही. तुझ्या आईला दमा होता. त्या जागी तिचा श्वास संपायचा. ती एकटी थांबली तर लोकांना दिसेल, म्हणून आम्ही सगळ्याच थांबायला लागलो. मग तीच चाल झाली. शेजारच्या गावचे लोक हसतात, हागोनोयची पोथी लंगडते म्हणून.”

आई घरात कितीदा गुणगुणायची, तेव्हाही तिथं थांबायची. दोघी बहिणींना तो थांबा गाण्यातलाच वाटला होता.

“मनिलावाले त्याला चूक म्हणतात, नातीनं सांगितलं. पण तू ते काढून टाकलं नाहीस ना?” मावशीनं विचारलं.

“नाही. मला चाल वाटली.”

“चालच आहे ती,” मावशी म्हणाली. मग फाटकाकडे वळून ओरडली, “अगं या की आत! पाण्यात काय मुळं फुटायची आहेत का तुम्हाला?”

तिघी आल्या. मावशी आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि समोरच्या बाकाकडे हनुवटीनं खुणावलं. “बस तिथं. इथं माईक नाही. पोटातून गा. आणि घाई करू नकोस, तिकीट काढून कोणी आलेलं नाही.”

मार्तिनाच्या बाकावर नादिंग बसली. पाच आवाज लागले. पहिल्या कडव्यात तिचा आवाज जरा जास्तच गोड होता. मावशीनं एकदा डोळे वटारले, तेव्हा तो खाली उतरून बाकीच्यांत मिसळला.

मेदिंग आल्याच्या चहाचे पेले घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. ती उंबऱ्यात आली आणि पाचही जणी तिसऱ्या ओळीच्या मध्यावर थांबल्या. तीही ट्रे हातात धरून जागच्या जागी थांबली. पेल्यांतून वाफ वर जात होती. पुढचा शब्द लागला, तशी तिनं पाऊल आत टाकलं.