नकाराचा अंगठा

"सही करायच्या आधी कागद शेवटाकडनं वाचत जा. खोटं लिहिणारा माणूस सुरुवातीला जपून लिहितो, पुढं पुढं त्याला कंटाळा येतो."

मिरजेला नर्सिंग शिकताना थोरातबाईंनी आक्कांना हे बजावलं होतं, ट्रेमधले चिमटे मोजता मोजता. त्याला चाळीस वर्षं झाली. आक्का पुढं मेट्रन झाल्या, निवृत्त झाल्या, कोल्हापुरात लेकाजवळ राहायला लागल्या. पण सत्त्याण्णव सालच्या जून महिन्यातल्या त्या शुक्रवारी चौकशी समितीची फाईल मांडीवर आली, तेव्हा त्यांनी ती जीपमध्येच मागून उघडली.

समितीत तिघं होती. अध्यक्ष सरनोबतसाहेब, मोठे डॉक्टर, पण दहा वर्षांत कुणाच्या नाडीला हात लावला नव्हता, हार घालून घ्यायला मान तेवढी वेळेवर पुढं करायचे. दुसरे बाळासो, कार्यालयाचे अधीक्षक. साहेब हसले की हसायचे, साहेब शिंकले की रुमाल काढायचे. आणि आक्का, कारण नियमात एक बाई लागते.

चौकशी होती सोनारमाळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉ. राजवीरची. मार्च महिन्यात सरुबाई कांबळेंची सून निशा पहिल्या बाळंतपणाला तिथं आली. कळा पहाटेपासून. डॉक्टर मेव्हण्याच्या लग्नाला कोल्हापुरात, केंद्राची जीपही वऱ्हाडाच्या दिमतीला. नर्स रजेवर. हजर होती ती एकटी आया, अंबूबाई. संध्याकाळी मूल मेलेलं जन्मलं. हे सरुबाईंचं म्हणणं.

फाईलचं म्हणणं वेगळं होतं. डॉक्टर हजर होते, त्यांनी अकरा वाजता पेशंटला कोल्हापूरला हलवायला सांगितलं, जीप दारात उभी होती, परंतु 'सासूने स्पष्ट नकार दिला'. त्याखाली निळ्या शाईतला अंगठा, आणि शेजारी 'सरुबाई कांबळे यांची निशाणी'.

आक्कांनी आणखी एक पान मागं उलटलं आणि बराच वेळ तिथंच थांबल्या. मग फाईल मिटली.

सोनारमाळला पोचल्यावर चौकशी जेवणापासून सुरू झाली. ज्याची चौकशी करायची तोच वाढत होता. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, वर सोलकढीचा आग्रह.

"राजवीर, रश्शाला कट काय आलाय रे!" सरनोबतसाहेबांनी वाटी तोंडाला लावली. "आक्का, तुम्ही काहीच घेत नाही?"

"शुक्रवार आहे."

"बघा बाळासो, यांचा उपास आणि आमच्या माथी पाप!"

बाळासो तोंडातला घास सांभाळून हसले. आक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या. व्हरांड्याच्या पायरीवर घडीचं पांढरं पातळ नेसून एक बाई सकाळी नऊपासून बसली होती. आत हाडं चोखल्याचे आवाज चालले होते, आणि ते तिलाही ऐकू जात असणार. देवाच्या नावानं उपास धरणाऱ्या आक्कांना त्या ताटांची किळस आली, ती मटणाची नव्हे.

अडीच वाजता ढेकर देऊन समिती बसली. सरुबाईंना आत बोलावलं.

"बोला मावशी, तक्रार काय?" साहेबांचं लक्ष दातात अडकलेल्या मटणाच्या धाग्याकडं होतं.

"अर्जात समदं लिवलंय की."

"ते झालं हो. तोंडानं सांगा. डॉक्टरची नोकरी घालवायचीय का तुम्हांला?"

"नोकरी ऱ्हाऊं दे न्हाईतर जाऊं दे, मला काय त्याचं?" सरुबाई शांतपणे म्हणाल्या. "ती नकाराची ओळ तेवढी खोडा. ह्या डाक्टरनं त्यो कागद मुरगूडला निशाच्या बापाला दावला. पोरगीला त्या दिवशी सुद कुठली हुती? मला म्हणाली, 'आत्ती, तुमी नगं म्हणालासा? गाडी दारात असून?' तीन म्हैनं झालं, म्हायेरातनं आली न्हाय. तिच्या लेकराला मी मारलं, असं तिला वाटतंय, सायेब."

मग सरनोबतसाहेबांनी घड्याळ बघितलं.

"बरं. लिहून घेतलं. बाळासो, घ्या निशाणी."

बाळासोंनी सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं आणि सरुबाईंचा हात धरायला गेले.

"शाई कशाला?" सरुबाईंनी हात मागं घेतला. "पेन द्या की."

"पेन?"

"व्हय. तुमच्या खिशात हाय ते."

बाळासोंनी पेन दिलं. सरुबाईंनी आधी जबानी पहिल्यापासून वाचली, एके ठिकाणी 'सुन' खोडून 'सून' केलं, आणि खाली पूर्ण नावानं सही केली. वळणदार, ठसठशीत, शेवटी तारीख घालून.

डॉ. राजवीरच्या तोंडचा रंग उडाला. "मावशी, तुम्ही सही करता?"

"वीस वरसं झाली. महिला मंडळाचं इतिवृत्त मीच लिवते. ल्योक दुसरीत हुता, त्याच्या पाटीवर शिकले."

"पण हिकडच्या बायका सगळ्या अंगठाच देत्यात, म्हणून मी म्हटलं..." तो एकदम थांबला.

"काय म्हटलं?" आक्कांनी हळू विचारलं.

दाराशी उभ्या अंबूबाईनं उजवा हात पदराखाली घेतला आणि मान खाली घातली. आक्कांना तिचा राग आला नाही. डॉक्टरनं धरलेला हात आयानं सोडवायचा तरी कसा?

आक्कांनी फाईल उघडून मूळ अर्ज टेबलावर ठेवला. अडीच पानं, त्याच वळणदार अक्षरातली, खाली तीच सही. तीन महिने तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला होता. त्यावर सात शिक्के होते, चार शेरे होते. वाचला मात्र कुणीच नव्हता. कांबळ्यांची बाई, म्हणजे अंगठाच असणार, इतकी यांची खात्री, की खोटा कागद करतानाही खऱ्या कागदाकडं बघायची गरज वाटली नाही.

सरनोबतसाहेब खाकरले. सरुबाईंना बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "असं आहे, बाई कधी सही करतात, कधी अंगठा देतात. घाबरलेला माणूस अंगठा देतो. बाळासो, तसं लिहा."

बाळासो लिहायलाही लागले.

"साहेब," आक्कांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, "आत्ता तुम्ही घाबरलाय. सरकवू का पॅड?"

बाळासोंचं पेन थांबलं. साहेब लालबुंद झाले. "आक्का, वयाचा मान ठेवतोय. समिती तिघांची आहे. दोघांनी सही केली की अहवाल झाला."

"करा की. मी माझं वेगळं लिहिते."

त्यांनी वेगळं पान घेतलं. अर्जावरची सही, आजची सही, अंगठा, आणि डॉक्टरचं अर्धं वाक्य, जसंच्या तसं. तीन प्रती काढल्या आणि तिन्हींवर केंद्राचा आवक शिक्का मारून घेतला. तोवर समोर दोघांच्या सह्यांनी 'आरोप सिद्ध होत नाही' होऊनही गेलं. ज्या हातांनी रस्सा ओरपला त्याच हातांनी. हात धुतले होते म्हणायचं, एवढंच.

बाहेर सरुबाई उभ्या होत्या. "खोडली ओळ?"

खोटा धीर द्यावा असं आक्कांना वाटलं नाही. "नाही खोडली. ते खोडायचेही नाहीत. मी वरपर्यंत पाठवणार आहे, पण त्याला दिवस लागतील."

सरुबाईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मग पोरगीला कोण सांगणार? माझ्या तोंडाचं तिला खरं वाटंना."

"मी सांगते. उद्या मुरगूडला जाते."

"तुमी कशापायी एवढी खेप..."

"जाते म्हटलं ना."

जीपमध्ये परतताना दोघं पुरुष पेंगत होते. साहेबांची मान बाळासोंच्या खांद्यावर पडली होती, आणि बाळासो ती मोठ्या भक्तिभावानं सांभाळत होते.

शनिवारी आक्कांनी पूजा आटोपली. सून चहा टाकत होती. "एवढ्या सकाळी कुठं, आई?"

"येते जाऊन मुरगूडला. दुपार होईल."

त्यांनी शिक्क्याची प्रत घडी करून पिशवीत ठेवली, सरुबाईंच्या अर्जाची नक्कल तिच्याबरोबर. चपला घातल्या. स्टँडवर मुरगूडची एसटी लागलीच होती. आक्का मागच्या दारानं चढल्या, खिडकीशी बसल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "एक मुरगूड."