हलका स्वार

मित्रांनो, पडद्यावर जेमतेम बोटभर दिसणारा मी एक जुना घोडेस्वार आहे. प्राचीन आर्मेनियाचा, धनुष्यबाण बाळगणारा. हाडामांसाचा नाही हं! संगणकावरच्या एका युद्धाच्या खेळात माझं घर आहे. तुम्ही 'जा' म्हटलंत की निघतो, 'थांब' म्हटलंत की थांबतो. इतकं शहाणं बाळ कुठल्या आईला मिळायचं?

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर खेळ बनवणाऱ्यांच्या दोन खोल्या होत्या, तिथे माझा जन्म झाला. खालून दिवसभर पंपाची फुसफुस ऐकू येई आणि वर एक चित्रकार ताई मला घडवत बसलेली असे. तिथले प्रमुख दिसेल त्या गोष्टीला कात्री लावत, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'कात्रीमामा' म्हणत. ते म्हणाले, "कशाला एवढा खटाटोप? शेजारच्या पार्थिया देशाचा स्वार तयार आहे ना? त्यालाच रंग बदलून उभा कर. कोण बघतंय?"

पण ताई हट्टी. दुसऱ्याचे उतरवलेले कपडे घालून कुणी आपल्या घरचा दिसतो का? तिने पुस्तकं धुंडाळली. आर्मेनियाचे घोडे इराणी घोड्यांहून लहान, पण जास्त तडफदार, असं एका ग्रीक सेनानीने लिहून ठेवलेलं तिला सापडलं. तिने माझा घोडा तसाच काढला. डोक्यावर झुकल्या शेंड्याची, कानांवर पट्ट्या रुळणारी टोपी दिली. आधी माझे पाय खोगिराला लोंबणाऱ्या रिकिबीत अडकवले होते. मग कळलं की त्या काळी रिकीब नव्हतीच, तेव्हा ती पुसून पाय मोकळे सोडले. आणि भरधाव पळता पळता मागे वळून बाण मारण्याची विद्या मला शिकवली. हीच माझी खरी कमाई.

खेळातले मराठी शब्द लिहायचं काम ताईच्या वहिनीकडे होतं. मांडीवर बाळाला थोपटत ती एका हाताने टंकत असे. अंगभर चिलखत घालणाऱ्या वजनदार स्वाराला तिने नाव दिलं 'भारी स्वार'. माझ्या अंगावर ओझं कमी, म्हणून मी 'हलका स्वार'. तसं पाहिलं तर चुकलं काहीच नव्हतं.

खेळ बाहेर पडण्याआधी आसपासची मुलं तो खेळून बघायला येऊ लागली. आपापलं सैन्य निवडताना ती माझ्या चित्रापाशी थबकत, खालचं नाव वाचत आणि पुढे जात. एकाही मुलाने मला घेतलं नाही.

"मुलांना दांडगा घोडा लागतो," कात्रीमामा म्हणाले. "याला फुगव, नाहीतर काढून टाकू. शनिवारी काय ते ठरव."

त्या आठवड्यात ताईचा चेहरा पार उतरला. एकदा तिने माझा घोडा ओढून ताणून उंच केला. पण तो आता माझा राहिलाच नव्हता, दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता. तिने तो पुन्हा होता तेवढा केला आणि डोळे पुसले. मित्रांनो, पुसलं जाण्याची भीती काय असते, ते मी त्या दिवसांत जाणलं.

शनिवारी वहिनी बाळाला कडेवर घेऊन ताईचा डबा द्यायला आली. खालच्या दुकानदाराची दोन वेण्यांची मुलगी खेळायला बसली होती. शेजारी तिचा आतेभाऊ होता. तिने माझ्याकडे बोट नेलं मात्र, तो ओरडला, "ए, तो नको! हलका आहे तो."

"म्हणजे?"

"म्हणजे हलक्या प्रतीचा! मामी म्हणते ना, हलकी चादर आणू नका, दोन धुण्यांत विरते. भारी घे. भारी तो भारीच!"

वहिनीने कपाळावर हात मारला आणि ती ताईकडे वळली. "अगं बाई! तुझ्या घोड्यात काही खोट नाही गं. माझ्याच शब्दाने त्याचा घात केला."

"वहिनी, तू म्हणजे ना..."

"वन्सं, शिव्या मागाहून घाला. आधी बाळ धरा!"

तिने उभ्या उभ्याच शब्द बदलले. 'भारी'चा 'चिलखती' झाला आणि मी झालो 'चपळ स्वार'.

"एका शब्दाने काय होणार?" कात्रीमामा पुटपुटले.

मुलीने नाव वाचलं आणि मला निवडलं. समोरून चिलखती स्वार धडधडत आले. तिने मला मागे वळवलं.

"पळपुटा!" आतेभाऊ हसला.

"गप रे! हा पळत नाहीये. त्यांना पळवतोय!"

चिलखती स्वार माझ्यामागे धावून धावून दमले. मग मी वळून बाण सोडले. मुलगी खुर्चीवर उभीच राहिली. कात्रीमामा वाकून बराच वेळ बघत होते. "घोडा आहे तेवढाच असू दे," म्हणाले आणि आत गेले. ताईने बाळाच्या डोक्यात तोंड खुपसलं. बाळाने तिचे केस ओढले.

मित्रांनो, आता माझी चित्रं जुनी दिसतात. नवे खेळ आले आहेत. त्यांत माझे कितीतरी भाऊबंद अजून शेजाऱ्याच्याच घोड्यावर, नुसता रंग बदलून उभे असतात आणि हरण्यापुरते मैदानात येतात. ते भेटले तर त्यांना हरवायला बोट उचलण्याआधी क्षणभर थांबा आणि हे खरोखर कोण होते, एवढं विचारा. आणि कुणाला नाव देण्याची वेळ तुमच्यावर आली, तर त्या नावाने आपण त्याला नावं तर ठेवत नाही ना, हे बघा. माझ्या वेळी वहिनी हजर होती. प्रत्येकाच्या वेळी असेलच असं नाही.