रेघेपुरते खरे

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतली तेल मोजायची पट्टी आहे. गॅरेजमध्ये मला डिपस्टिक म्हणतात. बॉनेट उघडले की इंजिनाच्या कडेला एक पिवळे कडे दिसते, ते माझे डोके. बाकीची मी हातभर लांब, पोलादी, आणि बहुतेक आयुष्य तेलात पाय बुडवून काढलेली. माझ्या हकीकतीत मिरवण्यासारखे थोडे आहे आणि तोंड लपवण्यासारखे जास्त. म्हणूनच ती सांगायला इतकी वर्षे लागली.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. साच्याखाली माझ्या टोकाजवळ दोन रेघा उमटवल्या गेल्या. खालची रेघ कमीत कमी तेलाची, वरची जास्तीत जास्त तेलाची. तेल या दोन रेघांच्या मध्ये असले की झाले. एवढेच माझे शिक्षण, आणि एवढ्यावर मी स्वतःला फार शहाणी समजत असे.

तसे समजायला कारणही होते. माझे मालक वजनमापे तपासणारे अधिकारी होते. दुकानदारांची मापे तपासण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले, म्हणून गल्लीत त्यांना सगळे मापकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर तपासायला दुकाने उरली नाहीत, तेव्हा ते मला तपासू लागले. दर रविवारी ते मला बाहेर काढत, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसत, पुन्हा बुडवत आणि उजेडात धरत.

"रेघेला आहे," ते म्हणत. "माणसाचं सांगता येत नाही, रेघ फसवत नाही."

हे ऐकून मी अशी फुगायचे की पुन्हा नळीत शिरणे कठीण व्हावे.

घरात दुसऱ्या होत्या काकू, मापकाकांच्या पत्नी. त्या पूर्वी टेलिफोन कचेरीत ऑपरेटर होत्या. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचा, असा त्यांचा कान. पण गेल्या काही वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, गढूळ होत गेला होता. समोर माणूस आहे एवढे कळे, कोण ते कळत नसे. कोणीतरी मृत्यूनंतर डोळे दान करील तेव्हा तो पडदा बदलता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. यादीत नाव घालून दीड वर्ष झाले होते. फोन वाजला की काकूंचा हात सर्वांच्या आधी पोचायचा.

आमचे गाव डोंगरातले, हिवाळ्यात बर्फाचे. त्या वर्षी थंडी सुरू होण्याच्या आधी आमच्या इंजिनाचा खडखडाट वाढला. वय झाले होते हो, दुसरे काही नाही. पण कोपऱ्यावरचा पाववाला आपली व्हॅन थांबवून विचारायचा, "काका, गाडीत पातेली भरलीत का?" मापकाका हसून दाखवत आणि घरी येऊन चिडत.

ते गाडी गॅरेजवाल्या ताईकडे घेऊन गेले. ताईने कान लावून ऐकले आणि म्हणाली, "काका, हा आवाज वयाचा आहे, आजाराचा नाही. तेल बदलू, पण गाडीच्या पुस्तिकेत थंडीसाठी दिलंय तेच घालू. दहा डब्ल्यू चाळीस."

"जरा जाड घातलं तर आवाज दबेल ना?"

"दबेल. पण डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा असतो. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात पटकन वाहतं. जाड तेल उन्हाळ्यात एक वेळ चालेल. बर्फ पडायला लागलं की ते जागचं हलणार नाही."

मापकाका 'बरं, बघतो' म्हणाले. परतताना दुसऱ्या दुकानातून जाड तेलाचा, वीस डब्ल्यू पन्नासचा डबा घेतला आणि अंगणात स्वतःच तेल बदलले. इंजिन खरेच गप्प झाले. पाववाला काही न बोलता हात करून गेला, तेव्हा मापकाकांची मान आठवडाभर ताठ होती. माझी तर काय विचारता! नव्या तेलात वरच्या रेघेपर्यंत बुडून मी मजेत होते.

मग थंडी पडली. काचेवर बर्फाचा थर, अंगणातला नळ गोठलेला. अशाच एका संध्याकाळी फोन आला. डोळ्यांच्या रुग्णालयातून बोलत होते. पडदा मिळाला आहे, उद्या सकाळी आठच्या आत या, उशीर झाला तर यादीतल्या पुढच्या रुग्णाला द्यावा लागेल. रुग्णालय शेजारच्या गावात, तासाभराच्या वाटेवर. काकूंनी रात्रीच पिशवी भरून दाराशी ठेवली.

सकाळी साडेसहाला दोघे गाडीत येऊन बसले. मापकाकांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हले आणि थांबले. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"अहो, आवाज जड येतोय," काकू म्हणाल्या. "नेहमीसारखा नाही."

"थंडी आहे. होतं तसं."

मापकाका उतरले. बॉनेट उघडून त्यांनी मला ओढले. मी सहज निघाले नाही. मित्रांनो, खालचे तेल मला सोडत नव्हते. ते माझ्या अंगाला काकवीसारखे चिकटले होते, टोकाशी थेंब धरला होता आणि तो थेंब पडतच नव्हता. हे तेल इंजिनात फिरणार नाही, हे त्या क्षणी मला जितके कळले तितके कोणालाच कळणे शक्य नव्हते. मापकाकांनी तिकडे पाहिलेच नाही. त्यांनी रेघ पाहिली.

"काठोकाठ आहे," ते म्हणाले. "तेलाचा प्रश्नच नाही."

आणि मी सुखावले. सगळे कळत असताना, त्या एका शब्दाने मी सुखावले. त्याची लाज अजून जात नाही.

तेवढ्यात पाववाला आला. व्हॅन थांबवून त्याने काच खाली केली. "काका, कुठे निघालात? रुग्णालयात? चला, मी त्याच रस्त्याने जातोय, सोडतो की."

मापकाकांनी मला उंच धरले. रोखून, सगळ्यांना दिसेल अशी. "ही बघ. रेघेला तेल आहे. पाच मिनिटांत सुरू होईल. तू जा, तुझे पाव थंड होतील."

पाववाला एकदा काकूंकडे पाहून म्हणाला, "नक्की ना?" काकूंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. व्हॅन गेली.

त्यानंतर पाऊण तास मापकाका किल्ली फिरवत राहिले. दर वेळी कण्हणे छोटे होत गेले, आणि शेवटी नुसती टिकटिक उरली. बॅटरी संपली. टॅक्सी बोलावली, ती बर्फातून हळूहळू आली. ते रुग्णालयात पोचले तेव्हा नऊ वाजायला दहा मिनिटे कमी होती. पडदा दुसऱ्या रुग्णाला देऊन झाला होता.

दुपारी दोघे परतले. गाडीचे बॉनेट तसेच उघडे होते. गॅरेजवाली ताई आली, तिने मला बाहेर काढून आडवी धरली. तो थेंब तिने बराच वेळ पाहिला.

"काका, हे कुठलं तेल?"

मापकाकांनी सांगितले. ताई रागावली नाही. डबा बघून एवढेच म्हणाली, "ही पट्टी तेल किती आहे ते सांगते. कसलं आहे ते नाही सांगत." मग तिने जाड तेल काढून टाकले, बरोबर आणलेले दहा डब्ल्यू चाळीस घातले आणि दुसरी बॅटरी लावली. इंजिन लगेच सुरू झाले. जुना खडखडाट परत आला. तो ऐकताना मापकाका पायरीवर खाली बसले.

ताई गेल्यावर ते काकूंना म्हणाले, "मीच केलं हे. ताईने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चार लोक हसतात म्हणून गाडीचं तोंड दाबलं. आणि पाववाल्यालाही मीच परत पाठवलं."

"आवाज जड आहे हे मला कळत होतं," काकू म्हणाल्या. "त्याच्याबरोबर जाऊ या, असं मी म्हणायला हवं होतं. तुम्ही पट्टी दाखवलीत आणि माझी बोलायची हिंमत झाली नाही."

मापकाकांनी चेहरा हातांत झाकला. काकूंना ते दिसले नसावे, पण त्यांनी चाचपडत त्यांचा खांदा शोधला.

तेव्हापासून आमचे इंजिन बिनदिक्कत खडखडते. पाववाला पातेल्यांबद्दल विचारत नाही. काकूंचे नाव अजून यादीत आहे, आणि फोन पुन्हा आलेला नाही. आता रविवारी मला काकूच बाहेर काढतात. माझ्या रेघा त्यांना दिसत नाहीत. त्या माझ्या टोकावरचे तेल अंगठ्यावर घेतात, बोटाने हळूहळू चोळतात आणि मान हलवतात. त्यांच्या बोटांत असताना मला माझ्या रेघा कुठेतरी लपवाव्याशा वाटतात.

मित्रांनो, घरात जुनी गाडी असेल तर तिला जपा. थंडी येण्याआधी पुस्तिका उघडा, डब्यावरचे आकडे वाचा आणि गाडीला तिच्या वयाचा आवाज करू द्या. आणि एखाद्या थंड सकाळी कोणी मदत करायला दाराशी थांबले, तर कृपा करून माझ्यासारखी पट्टी उंच धरून त्याला परत पाठवू नका.